बुटाचा पाय

भंडारदरा,
ता. १० मे १९४६

प्रिय दादा,

तुझं पत्र मला पोचायला दीड महिना लागला. चूक टपालाची नाही, माझी आहे. मी एका जागी असेन तर पोस्टमन मला शोधणार. ते आधी बेलापूरला गेलं, तिथे गुऱ्हाळावर कोणीतरी सांगितलं की तो घाटाकडे गेला, मग ते राजूरला आलं आणि काल बाजारात वाण्याने मला मिठाच्या पुडीबरोबर दिलं. एका कोपऱ्याला ओल लागलीय. अक्षर मात्र तसंच, तू फळ्यावर लिहितोस तसं, एकही काना वाकडा नाही.

मी ते चार वेळा वाचलं. त्यातलं एक वाक्य आता पाठ झालंय. ‘यशया, तुझ्या हातून पहिल्यांदाच काही उपयोगाचं घडलं, बाबा असते तर त्यांना समाधान वाटलं असतं.’ असं तू मला आजवर कधी लिहिलं नव्हतंस. तुझी सगळी पत्रं म्हणजे कुठेतरी टिक, काहीतरी शीक, उपासनेला जात जा. म्हणून हे वाक्य खिशात घेऊन हिंडावं असं आहे. आठ दिवस आधी मिळालं असतं तर हिंडलोही असतो. आता ते खिशात ठेवलं की खडा असल्यासारखं टोचतं, आणि का टोचतं ते सांगायला मी बसलोय. पेन्सिल जंगलच्या गार्डाकडून मागून आणलीय, बोथट आहे, सांभाळून घे.

आधी वहिनीसाठी. मी बरा आहे, जेवतो. हिरडा वेचायचं काम आहे, कातळावर वाळवायचा, पोत्यात भरायचा. भिमाजी ठाकराच्या झोपडीत राहतो, मागल्या वर्षीही त्याच्याकडेच होतो. म्हातारा एवढासा आहे पण डोंगर चढताना मला मागे टाकतो आणि वर जाऊन माझी वाट बघत तंबाखू मळत बसतो. धरणाचं पाणी खूप खाली गेलंय. काठाला गाळ उघडा पडलाय, ओला, लोण्यासारखा, त्यावर पाखराचं नखसुद्धा उमटतं. आपले बाबा या धरणाच्या कामावर दगड वाहायला होते, तू तेव्हा कडेवर होतास. त्यांनी रचलेला दगड कुठला असेल म्हणून मी भिंतीवरून दोनदा फिरलो. सगळे दगड सारखेच.

तर मी माग काढायला शिकलो तो या भिमाजीकडून. चुकलेली गाय, उतरलेलं डुक्कर, रात्री लाकूड तोडून गेलेला माणूस, त्याला सगळं जमिनीवर लिहिलेलं दिसतं. डोक्यावर ओझं असलं की टाच खोल रुतते. घाईत असला की पुढचा चवडा माती उकरतो. जन्मभर अनवाणी हिंडणाऱ्याची बोटं मोराच्या पिसाऱ्यासारखी पसरतात. आणि एक गोष्ट तो पुन्हापुन्हा सांगायचा, “पाय बग. मानूस मागनं यील. आदी मानूस डोक्यात घेतलास का पाय दिसायचा बंद व्हतो.” मी हो हो म्हणायचो. शाळेतही मी हो हो म्हणायचो, तुला माहीतच आहे.

मार्चात तुमच्या गावी आलो त्या दिवसाचं तुला पुन्हा सांगतो. तू तेव्हा शाळेत होतास, ओढ्याकडे आलाच नाहीस, म्हणून तुला ते इतरांच्या तोंडून कळलं. मी सकाळी पारनेरच्या बाजूने चालत आलो तेव्हा गावावर धूर बसला होता. काकासाहेब पाटलांची कडब्याची गंज आदल्या संध्याकाळी पेटली होती, तिची नुसती राख राहिली होती. शेजारी बांधलेला बैल दावं तोडू शकला नाही. त्या माळावर पाऊस येईपर्यंत जनावराच्या तोंडात घालायला दुसरं काही नसतं, हे तुला सांगायला नको. पाटलांची म्हातारी आई मेलेल्या बैलाच्या कपाळावरून हात फिरवत बसली होती. रडत नव्हती, नुसता हात फिरत होता. ते बघून माझ्या डोक्यात असा राग भरला की कोणाचा तरी हात धरावा आणि पिरगाळावा.

गंजीपासून ओढ्याकडे ज्वारीच्या धसकटांतून एक माग गेला होता. माणूस अनवाणी होता आणि पळत गेला होता. वाऱ्याने बरेच ठसे मोडले, पण डाव्या पायाचा एक चांगला ठसा ओढ्याच्या मऊ मातीत होता आणि पाटलांनी त्यावर पाटी पालथी घालून ठेवली होती. मला बघून ते म्हणाले, “तू मास्तराचा भाऊ न्हवं का? तिकडं डोंगरात माग काढायला शिकलास म्हनं. काढ बरं. वाया गेलेला तरी कामाला आला आसं हुईल.” लोक हसले, मीही हसलो. पण दादा, खरं सांगू का, मला बरं वाटलं. इतकी माणसं आजवर माझ्याकडे कधी काही विचारायला उभी राहिली नव्हती.

आणि पाटी उचलायच्या आधीच मी पुंजारामला पाहिलं. घात झाला तो इथेच. त्याला हात मागे बांधून बाभळीखाली बसवला होता. तू त्याला ओळखतोस, ओढ्यापलीकडे पाल टाकून राहणारा पारधी, तितरांना फास लावतो. सरकारने त्याची सगळी जातच चोर म्हणून कागदावर लिहिलीय, रोज संध्याकाळी त्याला पाटलाकडे हजेरी द्यावी लागते. त्या संध्याकाळीही तो हजेरी देऊन गेला होता. आठ दिवसांपूर्वी पाटलाच्या गड्याने त्याचे फास तोडले होते आणि त्याला चाबकाने मारलं होतं. म्हणजे कारण तयार होतं, माणूस तयार होता, फक्त पाय यायचा बाकी होता. तो द्यायला मी आलो.

मी पाटी उचलली. ठशाची बोटं एकमेकांना चिकटलेली होती. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं नाही. आणि माझ्या तोंडून लगेच निघालं की चोर बोटं आवळून चालतो. हे मला भिमाजीने शिकवलं नव्हतं, कोणीच शिकवलं नव्हतं, ते आपोआप आलं आणि आलं ते इतकं सफाईने की मला स्वतःलाच पटलं. ठशात बोटं चारच होती. अंगठ्याशेजारची जागा रिकामी. पुंजारामच्या पायाला तर पाचही बोटं, चांगली ऐसपैस पसरलेली. मी म्हटलं, खडा लागला असेल म्हणून एक उमटलं नाही. पाटील म्हणाले, “उचलून धरलं आसंल. बेरकी जात हाय.” त्याला शेजारी पाय उमटवायला लावला. लांबी काडीने मोजली, जवळजवळ सारखी भरली. जवळजवळ. माझ्या नाहीतर पाटलांच्या पायाला काडी लावली असती तरी जवळजवळ सारखीच भरली असती. गंजीजवळ मला अर्धी ओढलेली विडीही सापडली होती. पुंजाराम तंबाखू चघळतो, विडी ओढत नाही, हे सगळ्या गावाला माहीत. मी ती विडी उचलली, पाहिली आणि टाकून दिली. विडी काय, कोणीही टाकतं.

पुंजाराम तेवढा एकदाच बोलला. वाकून त्याने ठसा बघितला, बराच वेळ बघितला, आणि पाटलाला नाही, मला म्हणाला, “दादा, तुला कळतंय. नीट बग. ह्यो बुटाचा पाय हाय.”

उघड्या पायाचा ठसा, बोटं दिसतायत, आणि हा म्हणतो बुटाचा पाय. लोक पोट धरून हसले. कोणी म्हणालं, पारध्याचा बूट लई भारी, दिसतच न्हाई. कोणी विचारलं, कुनाच्या दुकानातनं उचलला रं. मीही हसलो. माझं हसणं मला अजून ऐकू येतं. त्याची बायको साळूबाई ओढ्याच्या कडेला उभी होती. ती म्हणाली, त्यो हजेरी दिऊन सरळ घरी आला, भाकर मी वाढली. बायकोच्या साक्षीला कोण विचारतो. मग पंचनामा झाला. बाकी सगळ्यांनी अंगठे उठवले, सही मी एकट्याने केली. सही करायला तू शिकवलंस मला, पाटीवर हात धरून. साळूबाई माझ्या हाताकडे बघत होती. लिहून झाल्यावर तिने विचारलं, “काय लिवलंस?” मी म्हटलं, माझं नाव. ती म्हणाली, “मंग लक्षात ठिव.” त्यात राग नव्हता. निरोप सांगावा तसं ती बोलली.

इथे आल्यावर मी भिमाजीला सगळं रंगवून सांगितलं. मला वाटलं म्हातारा पाठ थोपटील. त्याने एवढंच विचारलं, “बोटं कशी व्हती?” आवळलेली, मी म्हटलं. “मंग?” म्हटलं, चोर आवळून चालतो ना. तो थुंकला. म्हणाला, “पन्नास वर्सं माग काढतोय, आवळून चालनारा चोर मला कुटं घावला न्हाई. बोटं बुटानं आवळत्यात. तुला कुटनं घावला ह्यो चोर?” मी रागावलो, आत्ता निघून जावं असंही वाटलं. तुला माहीतच आहे, मला कोणी काही बोललं की माझे पाय आधी दाराकडे जातात. पण या वेळी गेलो नाही. हिरडा वेचत राहिलो आणि डोक्यात तेच घोळत राहिलं, हा चोर मला सापडला कुठे. तो जमिनीवर नव्हताच. मी त्याला डोक्यातून बरोबर घेऊन आलो होतो.

मग मला आपलं मिशनचं बोर्डिंग आठवलं. गवताच्या कोठीतून धूर आला होता तो दिवस. थोडक्यात विझलं, पण आत विडीचं थोटूक सापडलं. सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं, आणि साहेब बोलायच्या आधीच सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. यशयाच असणार. यशया खिडकीतून उडी मारतो, यशया प्रार्थनेत डुलक्या घेतो, यशयाच. मी नाही म्हणालो नाही. तुला हे कधी सांगितलं नाही, आज सांगतो, मलाही तेव्हा वाटायला लागलं होतं की मीच ओढली असेल. इतकी माणसं एकदम बघत असली की आपल्याला स्वतःबद्दलही खात्री राहत नाही. पाचवीतून माझं नाव कमी झालं. तू माझी पेटी बैलगाडीपर्यंत उचलून आणलीस, तोंडातून शब्द काढला नाहीस आणि तुझे हात थंड होते. मला तेव्हा वाटलं, भाऊ जातोय म्हणून.

आता गाळाचं सांगतो. गेल्या आठवड्यात मी पोतं पाठीवर टाकून काठाने गेलो होतो. एक कोयता विसरला म्हणून परत फिरलो, तर गाळात समोर तो ठसा. डावा पाय. अंगठ्याशेजारची जागा रिकामी. चार बोटं. मला वाटलं, गंज पेटवणारा माझ्यामागे इथवर आलाय. मी पोतं खाली टाकलं आणि मागावरून निघालो. टाच खोल होती, म्हणजे पाठीवर ओझं. माग हिरड्याच्या झाडापाशी थांबला, तिथून कातळाला वळसा घालून परत काठाला आला आणि मी उभा होतो तिथे, माझ्या पायाखाली, संपला. तो माझाच पाय होता.

मी तिथेच बसलो. मग मला बेलापूरचा चांभार आठवला. बाबा आपल्या दोघांना पहिल्या वहाणा करायला घेऊन गेले होते. त्याने तुझा डावा पाय हातात घेतला, मग माझा, मग बाबांचा, आणि कपाळावर हात मारला. तिघांचंही अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं. “पाव्हनं, तुमच्या घरचा पाय म्हंजी फांदीवर बसल्याला कावळा. वहान शिवू का पिंजरा?” आई हसून हसून खाली बसली होती. ते बोट जमिनीला टेकतच नाही, म्हणून उमटत नाही. माझी बाकीची बोटं पसरलेली आहेत, अनवाणी हिंडून हिंडून. ओढ्यातल्या ठशाची चिकटलेली होती. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आणि गंज पेटली त्या संध्याकाळी मी वाटेत एका देवळाच्या ओट्यावर झोपलो होतो.

एकदा हे दिसलं आणि मग सगळंच दिसायला लागलं, जे तेव्हाही माझ्या डोळ्यांसमोरच होतं. त्या दुपारी मी तुमच्याकडे जेवायला आलो तेव्हा हन्नावहिनी तुझा पाय मांडीवर घेऊन सुईने कुसळं काढत होती. तळव्याला धसकटांचे ओरखडे होते. तू म्हणालास, अनवाणी विहिरीवर गेलो. मी हसून म्हटलं, साहेब कधीपासून अनवाणी चालायला लागले. तू हसला नाहीस. मी भाकर मोडली आणि माग कसा काढला ते तुम्हाला ऐटीत सांगत सुटलो. तुझे बूट दाराशी होते. ते बूट इतके करकरतात की मास्तर कुठल्या गल्लीतून चाललेत ते गावाला घरात बसून कळतं. ज्याला गावापासून लपून घटकाभर बसायचं असेल त्याला ते हातातच घ्यावे लागतील. रविवारच्या शाळेत तू मुलांकडून तंबाखू न शिवण्याची शपथ घेतोस. लहानपणी मीही ती पहिल्या बाकावर बसून घेतली होती, मोडलीही. तुला मोडायला जागा नव्हती. वायाच गेलेल्या माणसाला उघड्यावर बसून विडी ओढता येते. चांगल्या माणसाला गंजीच्या आड जावं लागतं. तू मुद्दाम पेटवली नाहीस हे मला ठाऊक आहे. बैल तिथे बांधलेला होता हे तुला ठाऊक नव्हतं, हेही मी समजू शकतो. पण मी तो ठसा पाहिला तेव्हा आपल्या घरचा पाय मला ओळखू आला नाही, जो मी लहानपणापासून अंगणात रोज पाहत आलो. पारध्याचा नसलेला पाय मला पारध्याचा दिसला आणि तुझा असलेला पाय तुझा दिसला नाही. दोन्ही एकाच कारणाने.

तू पत्रात लिहिलंयस की खटला वीस तारखेला, सोमवारी आहे, मी साक्षीला यावं, आणि या लोकांच्या रक्तातच ते असतं. मी येणार आहे. पुंजाराम दोन महिने कोठडीत आहे आणि साळूबाई, म्हणे, कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून असते. माझ्या मनात एक आलं होतं, ते लपवत नाही. सरळ सांगावं की पाय माझा आहे. जुळतोही. सगळे लगेच मानतील, कोणी काडी लावूनसुद्धा बघणार नाही. तू पुन्हा माझी पेटी गाडीपर्यंत आणशील आणि मला वाटेल भावासाठी काहीतरी केलं. पण मग सगळ्यांना आधीपासून जे ठाऊक आहे तेच पुन्हा एकदा खरं ठरेल, आणि ते मी बोर्डिंगात एकदा करून बसलोय. म्हणून मी फक्त एवढं सांगणार आहे की माझी सही खोटी आहे, तो पाय पुंजारामचा नाही, तो बूट घालणाऱ्याचा आहे. कोणाचा असं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. विचारायच्या आधी तू बोलावंस म्हणून हे पत्र. सोबत एक कागद आहे. चुलीची काजळी लावून माझा डावा पाय त्यावर उठवलाय. वहिनी विहिरीवर गेली की दार लावून घे, बूट काढ आणि त्याच्या शेजारी तुझा उठव. मी चुकलो असेन तर मला हव्या तेवढ्या शिव्या लिहून पाठव, एवढ्या आनंदाने मी कुठलंच पत्र वाचलेलं नसेल. चुकलो नसेन तर तो कागद घडी करून खिशात ठेव आणि सोमवारी ये. मी सकाळपासून त्या लिंबाखाली साळूबाईजवळ बसलेला असेन. लांबूनच मला बुटांची करकर ऐकू येईल, आणि या खेपेला मी कान उघडे ठेवून बसेन.

पेटी उचललीस त्या दिवशीही होतो तसाच, तुझाच,
यशया